पाठ नसलेली नावं

गोदूबाईच्या तोंडी लागू नये, हे त्या गावात पोराला चालता येण्याआधी कळतं. कल्याण-शीळ रस्त्यावरून आत वळलं की दोन्ही अंगांना वीस-वीस मजली टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या मधोमध, कुणी उचलायचं विसरून गेल्यासारखं, हे जुनं आगरी गाव बसलेलं आहे. या गावाची गोदूबाई ही धवलारीण. लग्नाला भटजी असतो तो असतोच, पण मांडवापासून वरात उंबऱ्याच्या आत येईपर्यंतचे विधी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन पार पाडायचे ते हिनं. मांडवाची गाणी वेगळी, हळद दळायची वेगळी, नवऱ्याला न्हाऊ घालायची वेगळी. सगळी तिच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही, कारण कागदाशी तिचा संबंध आला तो पुडी बांधण्यापुरता.

याची तिला लाज तर नव्हतीच, उलट घमेंड होती. लहानपणी मावशीच्या मांडीला मांडी लावून बसली, ऐकलं, आणि जे ऐकलं ते राहिलं. मागून गाणारी एखादी बाई ओळीत अडखळली तर तिचा श्वास पुरा व्हायच्या आत गोदूबाई पुढचा शब्द तिच्या तोंडात घालायची. शाळेचा, पुस्तकाचा विषय कुणी काढलाच तर म्हणायची, "ज्याच्या डोक्यान रहात नाय, त्यानी कागदावं ठेवावा. मना काय गरज?"

ही घमेंड गेल्या वर्षीच्या जूनपासून उतरायला लागली. आणि उतरवली कुणी, तर तिच्याच लाडक्या नातीनं.

प्राची ही थोरल्या मुलाची एकुलती एक मुलगी. बाप एमआयडीसीत पाळीवर, आई अक्षदा डोंबिवलीत कपड्यांच्या दुकानात. दोघं घरी येतात ते दमून-भागून. तेव्हा पोर वाढली ती आजीच्या पदराला धरून. पहिलीची परीक्षा झाली तेव्हा प्राची अक्षराला अक्षर लावून वाचायला लागली होती. मग सुट्टी लागली. लग्नसराईत गोदूबाईला एका जागी बसायला फुरसत कुठली! ती या मांडवातून त्या मांडवात, आणि प्राची तिच्यामागे. पोरीनं मिठाया खाल्ल्या, मांडवात झोपा काढल्या, आजीची निम्मी गाणी पाठ केली. पुस्तक मात्र फळीवर जे गेलं ते शाळा उघडल्यावरच खाली आलं. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात तिला उभं करून वाचायला सांगितलं, तर पोरीला दोन शब्दांपुढे जाता येईना. वर्ग हसला. पोरं ती, हसायचीच. पण प्राचीनं बाकावर डोकं टेकलं ते टेकलं. रोज शाळेच्या वेळेला तिच्या पोटात दुखायला लागायचं. वर्गात बसलीच तर तोंडाला कुलूप. ते दिवाळी होऊन गेल्यावर उघडलं, तेही हेमांगी बाईंनी पोरीच्या मागे लागून लागून.

या हेमांगी बाई महापालिकेच्या शाळेत शिकवतात. आवाज चढवत नाहीत, पण सोडतही नाहीत. यंदा शाळेच्या शेवटच्या दिवशी त्यांनी गोदूबाईला थांबवून घेतलं.

"आजी, प्राची आत्ता कुठे नीट वाचायला लागली आहे. ओलं सिमेंट असतं ना, तसं आहे हे. सुट्टीत रोज वाचलं नाही, तर जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. आणि या वेळी ती शाळेतच यायची नाही, अशी मला भीती वाटते."

"तुमी हाव ना, बाई."

"मला पुढचा वर्ग मिळणार नाही. तिसरीला दुसऱ्या बाई येतील. त्या किती थांबतील, मी सांगू शकत नाही." असं म्हणून त्यांनी वर्गातल्या पेटीतली गोष्टींची पाच-सहा पुस्तकं पिशवीत घालून दिली.

गोदूबाई त्या दिवशी घरी आली ती मनाशी गाठ मारूनच. शाळा बुडवलेली पोर म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. ती स्वतःच तशी होती. पण तिला मावशी होती आणि मांडव होते. प्राचीला काय असणार? टॉवरमधली धुणीभांडी?

तर नेम सुरू झाला. संध्याकाळचा दिवा लावला की प्राचीनं आतल्या खोलीत बसून मोठ्यानं वाचायचं, आजीनं ओटीवर काम करत ऐकायचं. लग्न असो, बाजार असो, त्या वेळेला गोदूबाई घरी. पहिले काही दिवस पोर चाचरत वाचायची. शेजारची दहावीतली ऐश्वर्या तिच्याजवळ बसायची, एकेक गोष्ट वाचून दाखवायची. ऐश्वर्या मामाच्या गावाला गेली, आणि नवल असं की त्यानंतरच प्राचीचं वाचन सुधारलं. ते इतकं सुधारलं की कुठं अडणं नाही, थांबणं नाही. खार बोलली की खारीचा आवाज, माकड बोललं की माकडाचा. कामावरून येऊन भाकऱ्या थापताना अक्षदाही ऐकायची आणि हसायची. गोदूबाईला तर आकाश ठेंगणं झालं. वाचन संपलं की ती नातीला रोज ताडगोळे सोलून द्यायची.

एवढ्यावर थांबली असती तर ती गोदूबाई कसली! तिचा धाकटा दीर काळुराम, त्याच्या मुलाचं, सुदेशचं लग्न मे महिन्याच्या शेवटाला ठरलं होतं. सुपारी फोडायला मंडळी जमली, तेव्हा मुलीकडचा कुणी पाहुणा सांगत बसला की आमचा नातू इंग्रजी शाळेत आहे, आमच्याकडच्या हळदीला माईकवर तोच बोलेल. गोदूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आमच्या हळदीला आमची पोर नावा वाचंल," ती म्हणाली. "माझी प्राची. चिठ्ठ्या द्या, फडाफडा वाचंल."

काळुराम खूश. "ठरला मंग, वयनी. माईकवाल्या बंटीच्या बाजूला खुर्ची टाकतू तिला."

आता हळदीत माईकवर नावं वाचणं म्हणजे काय, हे त्या भागात नवख्या माणसालाही एका रात्रीत कळतं. पाहुणा मांडवाच्या तोंडाशी आला की त्याचं नाव चिठ्ठीवर लिहितात, चिठ्ठी स्टेजवर जाते आणि तिथून पुकारा होतो: अमुक गावचे अमुक यांचं परिवारातर्फे सहर्ष स्वागत. जेवण गार असलं तर पाहुणा गिळतो, नाव चुकलं तर गिळत नाही. शेजारच्या गावचे माजी सरपंच मारुतीशेठ एका हळदीतून नाव उशिरा घेतलं म्हणून उठून गेले होते, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची अख्खी आळी उठली होती. मटणाची पातेली तशीच राहिली. त्या घराशी मारुतीशेठ आजही बोलत नाहीत.

आणि मग ती संध्याकाळ आली. उकाडा असा की टॉवरमधले झाडून सगळे एसी एकदम सुरू झाले असावेत. गोदूबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती, प्राची आत वाचत होती. खारीची आणि चिकूच्या झाडाची गोष्ट. खार चिकू लपवून ठेवते तिथवर गोष्ट आली आणि ट्रान्सफॉर्मरकडून धाडकन आवाज झाला. दिवे गेले. आतल्या खोलीची खिडकी टॉवरच्या भिंतीकडे उघडते. तिथं तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख.

त्या काळोखातून प्राचीचा आवाज येत राहिला. खार झाडावरून उतरली. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. माकड हळूच म्हणालं...

गोदूबाईला पहिल्या झटक्याला कौतुकच वाटलं. कशी पोर आहे बघा, दिवे गेले तरी थांबत नाही! आणि मग सुकटीतला तिचा हात जागच्या जागी राहिला. आत माकडाचं बोलणं अर्ध्यात तुटलं. प्राचीच्याही ध्यानात आलं होतं.

दिवे परत आले तेव्हा गोदूबाई दारात उभी होती. पोरीच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि ओळीखाली बोट धरलेलं होतं.

"तू वाचत व्हतीस का बोलत व्हतीस?"

प्राचीनं बोट काढलं नाही. "ऐश्वर्यादीदीनं वाचून दाखवलेलं ना, ते राहिलं डोक्यात."

ते शब्द गोदूबाईला ओळखीचे होते. पन्नास वर्षं ती स्वतः हेच सांगत आली होती.

रात्रभर ती तळमळली, पण कुणाला बोलली नाही. अक्षदाला सांगावं तर ती पोरीला धपाटे घालणार आणि मग स्वतःच रडत बसणार. सकाळी तिनं बिस्किटाचा पुडा पुढे केला, वाच म्हणाली. प्राचीनं चित्र बघून नाव सांगितलं. चहाची पुडी, साबण, सगळ्याचं तेच. पोरीनं सगळं बघून, ऐकून धरलं होतं. मग गोदूबाईची नजर दारामागच्या खिळ्याला लटकणाऱ्या पिशवीवर गेली. त्या पिशवीत लग्नाच्या पत्रिका होत्या. धवलारणीला पत्रिका आल्याशिवाय कुठलं लग्न होत नाही. पार दिवाळीपासूनच्या साठलेल्या होत्या. कुठली कुणाची, हे ती रंगावरून आणि गणपतीच्या चित्रावरून ओळखायची. नवरी कोण, नवरा कोण, गाव कुठलं, मांडव कधीचा, हे तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तिनं एक लाल पत्रिका काढून प्राचीपुढे टाकली. "वाच."

सुरुवातीचं देवाच्या कृपेचं नि आप्तेष्टांच्या आशीर्वादाचं पोरीनं धाडधाड म्हटलं. सगळ्याच पत्रिकांत ते असतं, मांडवामांडवांत तिनं ते ऐकलेलं होतं. मग नवरीचं नाव आलं. प्राची थांबली. पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. ओठ हलले, पण आवाज नाही. आणि मग तिनं अशी काही हमसून रडायला सुरुवात केली की गोदूबाईच्या हातातला चहा सांडला.

"मना पयल्याच दिशी सांगायचा व्हता गं, बाय," गोदूबाई म्हणाली.

"तू रोज इतकी खूश व्हायचीस," प्राची हुंदके देत म्हणाली. "मी कसं सांगणार?"

गोदूबाईला स्वतःचा राग आला, असा राग की कपाळ बडवून घ्यावं. पोरीला फसवायला तिनंच शिकवलं होतं, ताडगोळे सोलून सोलून. हळदीला दोन आठवडेसुद्धा उरले नव्हते.

मोबाइलमध्ये हेमांगी बाईंचा फोटो होता. तो दाबून तिनं फोन लावला आणि झाला प्रकार एका दमात सांगून टाकला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तिची स्मरणशक्ती तुमच्यावर गेली आहे, तो काही तिचा गुन्हा नाही. पण पाठ होईल असं काही देऊ नका. रोज नवं द्या. थोडं द्या, पण रोज द्या. आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळा. ती अडली की लगेच सांगायचं नाही. थांबायचं. मनातल्या मनात पाणी प्यायला जाऊन या, पण थांबा."

"किती थांबू?"

"तिचं तिला येईपर्यंत."

हे औषध म्हणजे गोदूबाईच्या जिवावरचं. अडलेल्याच्या तोंडात शब्द घालायचा, हाच तर तिचा जन्माचा धंदा! पण ती बसली. रोज तीन-चार पत्रिका. नाती-गोती, गावांची नावं, मांडवाचे वार, शेवटी बारक्या अक्षरांतली चिल्लीपिल्ली. कुठलं लग्न ते न सांगता पत्रिका पुढे करायची. नाव बरोबर आलं की मान हलवायची, चुकलं की नुसतं बघायचं. प्राची एकेका अक्षराला धरून पुढं सरकायची. जोडाक्षर आलं की गाडी ठप्प. गोदूबाईच्या जिभेच्या टोकावर ते नाव नाचत असायचं आणि ती पदर तोंडात कोंबून बसायची. एकदा सहन होईना म्हणून खरंच उठून रांजणातलं पाणी पिऊन आली. परत आली तेव्हा प्राचीनं नवरीच्या आजोळचं आडनाव लावून ठेवलं होतं.

सुधारत होती पोर, पण मुंगीच्या पावलानं. फडाफडा वाचणं दूरच. हळद चार दिवसांवर आली, तेव्हा गोदूबाईनं मान खाली घालायचं ठरवलं. पोरीला मांडवात माईकवर अडकवलं आणि पाचशे माणसं हसली, तर गेल्या जूनचा वर्ग त्यापुढे काहीच नाही; ही पोर मग जन्मात पुस्तक उघडणार नाही. ती काळुरामकडे गेली. तो मांडववाल्याशी हुज्जत घालत होता.

"भावजी, त्या प्राचीचा जरा..."

"काय, वयनी? घाबरलीस का काय?" काळुराम मोठ्यानं हसला. "सगल्या सोयऱ्यांना सांगून ठेवलाय मी."

गोदूबाईनं तोंड उघडलं आणि तिचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. प्राची तिच्यामागून येऊन तिथं उभी होती. डोळे आजीच्या तोंडावर लावून. आता 'नको' म्हणणं म्हणजे पोरीच्या तोंडावर 'तुला येत नाही' म्हणणं होतं. गोदूबाई पुन्हा काळुरामकडे वळली.

"खुर्ची उंच टाक बोलाला आलते," ती म्हणाली. "पोर बुटकी हाय."

परतीच्या वाटेवर प्राचीनं तिचा हात धरला. "आजी, मला नाही आलं तर?"

गोदूबाईला खोटं बोलवेना. "तर मी हाय मांडवान," एवढंच ती म्हणाली.

हळदीच्या दिवशी सूर्य कलता कलता मांडव भरला. बेंजो वाजायला लागला. गोदूबाई हिरवं लुगडं नेसून, मागं गाणाऱ्या बायांना घेऊन पाटाजवळ बसली. पाटावर सुदेश, समोर हळदीची परात. स्टेजवर बंटी माईक घेऊन. हा काळुरामचा पुतण्या, गावातल्या क्रिकेटच्या सामन्यांना कॉमेंट्री करणारा. शेजारी उंच खुर्चीवर नवीन घागरा घातलेली प्राची, आणि तिच्या पुढ्यात चिठ्ठ्यांचं ताट.

सुरू व्हायच्या आधी बंटी गोदूबाईजवळ येऊन वाकला. "काकी, आत्ता एक चिठ्ठी देऊन बघितली, अडते ती. पण टेन्शन नको घेऊ. मी तिच्या कानात नाव बोलतो, ती माईकमध्ये बोलेल. एकदा ऐकलं की तिला बरोबर जमतं. कुणाला कळणारपण नाय."

गोदूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इतका सोपा रस्ता! पोरीची अब्रू राहील, हिची राहील, पाहुणे वाहवा करतील. आणि जूनमध्ये प्राचीच्या कानाला लागायला वर्गात बंटी असणार नाही.

"कानान नाय सांगायचा," ती म्हणाली. "अडली तर अडू दे. तू थांब."

"काकी, पब्लिक आहे!"

"थांब सांगितला ना!"

पहिली चिठ्ठी बंटीनं वाचली, दुसरी प्राचीनं उचलली. माईकमधून श्वास ऐकू आला. मग एकेक अक्षर. नाव आलं, गाव आलं, 'सहर्ष स्वागत' तर पाठच होतं, ते खणखणीत आलं. तिसरी, चौथी. मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "अरे, सकाळ होईल." इंग्रजी शाळेतल्या नातवाचा आजोबा मिशीत हसला. गोदूबाईचा धवला चालू होता, हात हळद लावत होते, पण कान सगळे स्टेजवर. प्राचीचे कान लाल झालेले तिला इथून दिसत होते. पोरगी उठून पळेल, आत्ता पळेल, असं दर चिठ्ठीला वाटत होतं. पण ती पुढची चिठ्ठी उचलत होती.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गडबड झाली. मारुतीशेठ आले होते. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात सोनं, मागं दहा-पंधरा माणसं. काळुराम हात जोडून धावला. शेठची चिठ्ठी माणसांच्या हातोहात पुढे सरकून ताटात पडली, आणि शेठ स्वतः स्टेजजवळ येऊन उभे राहिले, आपलं नाव कानांनी ऐकायला. प्राचीनं चिठ्ठी उचलली. लिहिणाऱ्यानं घाईत नुसतं नाव आणि गाव लिहिलेलं होतं. ती 'मा' वर अडकली.

शेठ वाकले. खर्जातल्या आवाजात, पण माईकनं पकडावं इतपत मोठ्यानं म्हणाले, "बोल गं, पोरी. समाजभूषण, माजी सरपंच, मारुतीशेठ."

प्राचीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. म्हणजे ते तिच्या डोक्यात बसलं होतं, जसंच्या तसं. नुसतं तोंड उघडायचं होतं. बंटीनं डोळ्यांनी खुणावलं: बोलून टाक. प्राचीनं पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं, बोट अक्षरांखालून शेवटापर्यंत नेलं, परत आणलं. मग तिचा आवाज सगळ्या मांडवात घुमला.

"पण इथं तसं नाही लिहिलेलं."

बेंजोवाल्याचा हात थांबला. काळुरामच्या तोंडचं पाणी पळालं. शेठच्या मागची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेठचा चेहरा तांबडा होत गेला. मांडवातल्या प्रत्येकाला ती जुनी हळद आठवली, ती भरलेली पातेली आठवली.

आणि गोदूबाई गायची थांबली. हळद लावताना धवला मध्ये तोडू नये, अपशकुन होतो, हे तिनंच दोन पिढ्यांना दटावून सांगितलेलं. पण ती थांबली आणि उठली. काळुरामला वाटलं, ही आता पोरीला ओढून खाली आणणार आणि शेठच्या पाया पडायला लावणार. काळोखातला तो आवाज गोदूबाईला आठवत होता, बघायची गरज नसलेला. आणि आज ही पोर बघत होती. कानात पडलेलं सोडून कागदावरचं बघत होती.

"शेठ," गोदूबाई हात जोडून म्हणाली, "रागावू नका. माझी नात बोलत नाय, वाचते. चिठ्ठीन हाय तवराच वाचंल. तुमी तुमचा नाव पुरा लिवून द्या. मी हात जोडते."

मारुतीशेठनं आधी गोदूबाईकडे पाहिलं, मग खुर्चीवरच्या पोरीकडे. त्यांच्या घरच्या चारही लग्नांची हळद गोदूबाईनं गायली होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"कागद आण रे," ते बंटीवर खेकसले.

स्टेजच्या कडेला कागद टेकवून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, सावकाश, ठळक अक्षरांत. कागद प्राचीच्या हातात दिला आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"स... मा... ज," प्राची म्हणाली. "समाज. भू..." आणि थांबली.

पुढचं अक्षर तिला लागत नव्हतं. आत्ताच ऐकलेला शब्द तिच्या डोक्यात होता की भीतीनं पुसला गेला होता, देव जाणे. कपाळावर घाम आला. बंटीचे ओठ हलायला लागले. खुद्द शेठनंच सांगायला तोंड उघडलं. गोदूबाईनं हळदीनं माखलेला पंजा वर केला. शेठ गप्प झाले. बंटी गप्प झाला. पाचशे माणसं, जेवणाची घाई असलेली, पोरंबाळं काखेत घेतलेली, एका आठ वर्षांच्या पोरीसाठी गप्प उभी राहिली. गोदूबाईच्या जिभेवर तो शब्द आला होता. तिनं दात घट्ट आवळले.

"...ष. ण. भूषण," प्राची म्हणाली. "समाजभूषण. माजी... सर... पंच. मारुतीशेठ. यांचं सहर्ष स्वागत!"

शेठनं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मग मांडव उठला. बेंजो सुटला, काळुराम डोळे पुसत शेठना खुर्चीकडे नेऊ लागला. प्राचीनं कुणाकडे पाहिलं नाही. तिनं ताटातली पुढची चिठ्ठी उचलून डोळ्यांजवळ नेली होती.

गोदूबाई पाटाजवळ येऊन बसली. सुदेशच्या गालावरची हळद वाळायला लागली होती. तिनं हात परातीत घातला, गायला तोंड उघडलं आणि तशीच राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुढची ओळ काही केल्या आठवत नव्हती. उभ्या जन्मात पहिल्यांदाच. मागच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांतली सगळ्यांत धाकटी पुढं वाकून हळूच ती ओळ सांगायला लागली.

"थांब," गोदूबाई नाक ओढत म्हणाली. "सांगू नको. येल मना."

आणि हळदीचा हात तसाच धरून ती वाट बघत बसली.